आरशामागची गाणी

आमच्या भावोजींच्या खुर्चीत केस कापायला बसायचं म्हणजे धाडसाचं काम आहे. एकदा गळ्याभोवती कापड बांधलं, हात आत गेले, की माणूस त्यांच्या तावडीत सापडला. कात्री उचलून, मान जराशी खाली दाबून ते म्हणतात, "एक नवीन पोरगा आलाय, ऐका ना." मग आरशापुढच्या फोनवर अशा कुणाचं तरी गाणं लागतं, ज्याचं नाव त्याच्या गल्लीतही कुणाला ठाऊक नसावं. उठून जावं तर अर्धं डोकं भादरलेलं. आमच्या रस्त्यावर त्यांना 'ऐकाना' म्हणतात ते यामुळेच. तोंडावर नाही, पण पाठ वळली की चांगली वयस्कर माणसंसुद्धा म्हणतात, "ऐकानाकडे जाऊन येतो, केस फार वाढलेत."

मी त्यांची मेहुणी. कपडे लहानमोठे करून देण्याचं, चेन बदलून देण्याचं माझं दुकान त्यांच्या दुकानाला लागून आहे आणि मधे नुसतं प्लायवूड. गिऱ्हाइकाने अर्धा तास सोसलं ते मी दिवसभर सोसलंय. माझे कान किटलेत. खोटं कशाला सांगू, काही गाणी आवडलीही. पण ते त्यांना बोलून दाखवायची सोय नाही. एक आवडलं म्हटलं की आणखी दहा ऐकवतात.

भावोजी शाळा अर्धवट सोडून मामाच्या सलूनमध्ये केस झाडायला लागले होते. तिथे रेडिओ मामाच्या हाताशी. ओळखीचं गाणं असेल तर ठीक, अनोळखी लागलं की मामा बटण फिरवायचा. "ती गाणी पुढे कशी होती ते मला अजून कळलेलं नाही," असं ते आजही सांगतात, आणि सांगताना त्यांचा चेहरा खरंच पडतो. स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा त्यांनी एक नियम केला. गाणं मधे तोडायचं नाही. केस कापून झाले तरी गाणं संपेपर्यंत ते गळ्याचं कापड सोडत नाहीत, ब्रशने मानेवरचे नसलेले केस झाडत उभे राहतात. या नियमापायी किती गिऱ्हाइकं गेली, ते ताईला विचारा. त्यांना स्वतःला मात्र एक सूर धड लागत नाही. ते गुणगुणायला लागले की ताई नळ मोठा सोडते.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती काही हसण्यासारखी नव्हती. भावोजींनी ज्याला ज्याला उचलून धरलं, तो तो गायचा थांबला. एक पोरगा विम्याच्या कंपनीत गेला. दोघी बहिणी मिळून फार सुंदर गायच्या, त्यांचं आपसात वाजलं. एका चौकडीने तर भावोजींचं कौतुकाचं पत्र आलं त्याच आठवड्यात गाशा गुंडाळला. मी चिडवायचे, "भावोजी, तुम्ही कुणाचं कौतुक करू नका हो, पोरं उपाशी मरतील." पूर्वी ते हसायचे. मग पलीकडे काचेचं सलून झालं, भिंतभर टीव्ही असलेलं, आणि तरुण गिऱ्हाईक तिकडे वळलं. एका पोराने जाता जाता सांगितलं, "काका, पुढे काय ऐकायचं ते आता फोनच सांगतो." भावोजींनी विचारलं, "पण फोनला काय आवडतं?" पोरगा हसत गेला. भावोजींनी मात्र खुर्ची पुसता पुसता मला तोच प्रश्न परत विचारला. त्या दिवसापासून ते माझ्या चिडवण्याला हसेनासे झाले.

अशात त्यांना टाकीवाली सापडली.

टाकीवाली हे नाव आमचं. ती मुलगी दुसऱ्या गावची, एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. घरात शांत जागा नाही म्हणून गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून गाणी रेकॉर्ड करायची, आणि प्रत्येक गाण्यात मागे टाकीत पाणी पडत असायचं. तिचं एक गाणं तिच्या वडलांवर होतं. खोलीतून बाहेर जाताना ते सवयीने दिवा घालवतात आणि आत मुलगी बसलेली आहे हे त्यांच्या लक्षातच येत नाही, एवढंच. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी मशीनवरचा पाय उचलला होता. पलीकडे कात्रीही थांबली होती.

भावोजींनी तिला लिहिलं, तिचं उत्तर आलं, मग फोन सुरू झाले. ती त्यांना काका म्हणायची. एकदा म्हणाली, "काका, घरी ठरलंय. दादाच्या गावी नोकरी बघितलीय. या वेळी काही झालं नाही तर गिटार भाचीला देऊन टाकणार आहे." काही व्हायला एकच वाट उरली होती. नव्या गायकांचा एक कार्यक्रम व्हायचा होता. इंटरनेटवर गाणी ठेवायची एक साइट असते, तिथे गाणं किती वेळा ऐकलं गेलंय तो आकडा बघून कार्यक्रमवाले बोलावत. तिचा आकडा फारच लहान होता, आणि त्यात निम्मे आमचे भावोजी असावेत.

मग जे सुरू झालं त्याला मी वेड म्हणेन. ज्याचे केस वाढलेले नाहीत त्यालाही बोलावून बसवू लागले. "कापत नाही, नुसतं बसा, ऐका ना." लोक चहा पिऊन जायचे, घरी जाऊन ऐकतो म्हणायचे, आणि कुणी ऐकायचं नाही. गणिताचे एक निवृत्त मास्तर आहेत, जुने गिऱ्हाईक. ते तर म्हणाले, "अरे, ही बाई गातेय की नळ दुरुस्त करतेय?" भावोजी रात्री जेवत नाहीत, असं ताई सांगायला लागली. मला म्हणाले, "ही पण गेली ना, तर माझ्या ऐकण्याला काही अर्थ नाही बघ." एवढा मोठा माणूस माझ्यासमोर असं बोलला. मी त्यांच्या सदऱ्याचं निघालेलं बटण लावत बसले.

त्यानंतर त्यांनी फोन गोळा केले. ताईचा जुना, माझा फुटक्या काचेचा, शेजारच्या दुरुस्तीवाल्याकडे पडलेले, गिऱ्हाइकांच्या कपाटातले. आरशामागे एक फळी होती, त्यावर सगळे ओळीने मांडले आणि सगळ्यांवर टाकीवालीची गाणी लावली. एक संपलं की दुसरं, अखंड. पहिल्या दिवशी आवाज चालूच होता. तीच मुलगी, तेच गाणं, पण सगळे फोन मागेपुढे. मी पार्टिशनवर थाप मारली. भावोजी आधीच कान झाकून बसले होते. "चिरफाड होतेय गं गाण्याची, मला ऐकवत नाही," म्हणाले. मग त्यांनी खराब इअरफोनच्या वायरी कापल्या आणि एकेक पिन एकेका फोनमध्ये खोचून दिली. आवाज त्या कापलेल्या वायरीपर्यंत जायचा आणि तिथेच संपायचा. आरशापुढे केस कापले जात होते, आरशामागे ती मुलगी गात होती, आणि दुकानात चिडीचूप.

आकडा चढू लागला. तिचा फोन आला तेव्हा भावोजी कुणाची तरी दाढी करत होते, म्हणून स्पीकरवर घेतला. "काका, लोक ऐकतायत. खरंच ऐकतायत. आज एका आजींचं रक्त घेता घेता मी गुणगुणायलाच लागले. मी नवीन गाणं लिहायला घेतलंय." भावोजींनी वस्तरा खाली ठेवला. "छान झालं, पोरी," एवढंच म्हणाले. फोन बंद झाल्यावर मी पार्टिशनच्या कडेने डोकावले. सुखावलेला माणूस असा दिसत नाही. गिऱ्हाईक गालावर फेस घेऊन ताटकळलं होतं.

"आता तरी काढा ते फोन," मी म्हटलं.

"कार्यक्रमवाल्यांचं बोलावणं येऊ दे. एकदा ती तिथे गायली, की खरे लोक ऐकतीलच ना."

त्यांचा हिशेब सरळ होता. फक्त त्यांना हे ठाऊक नव्हतं की गाणी ठेवणाऱ्या त्या साइटवाल्यांना असले प्रकार ओळखता येतात. एकाच जागेवरून, एकाच मुलीची गाणी, न थांबता. आम्ही दोघंही अडाणीच. एके सकाळी फळीवरचे सगळे फोन गप्प पडले. टाकीवालीची गाणी गेली होती, सगळी. खोटे ऐकणारे लावल्याबद्दल तिचं नावच काढून टाकलं होतं, आणि कार्यक्रमवाल्यांनीही आता बोलावणार नाही असं तिला कळवलं.

आमचा सुट्टीचा दिवस होता. भावोजींनी शटर अर्धं वर करून मला आत बोलावलं. एकट्याने टाकीवालीचा फोन घ्यायची त्यांच्यात हिंमत नव्हती. ती रडत नव्हती, आणि तेच वाईट होतं. "काका, कुणी केलं असेल हे? माझं इतकं वाईट कुणाला करायचं होतं? मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. तुम्हाला या जगाची माहिती आहे, तुम्हीच सांगा." सांत्वन करायला तिला हाच एक माणूस सापडला होता. मी हाताने खुणावलं, नका सांगू. भावोजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी केलं," ते म्हणाले.

आणि सगळं सांगितलं. फोन, फळी, पिना. काही गाळलं नाही. गाळायला हवं होतं असं मला आजही वाटतं, निदान ते शेवटचं. मग ती म्हणाली, "आवाज बंद करून?"

"अगं, सगळे एकदम वाजले की तुझ्या गाण्याची पार..."

"माझं गाणं तुम्ही आवाज बंद करून लावलंत, काका?"

आयुष्यभर ज्याने एक गाणं मधे तोडलं नाही, तो माणूस आरशामागच्या फळीकडे बघत राहिला.

"मी त्यांना डोळ्यांसमोर आणायचे," ती म्हणाली. "ऐकणाऱ्यांना. कुणी भांडी घासत असेल, कुणी गाडीची वाट बघत असेल. रोज आकडा बघून झोपायचे." मग अगदी हळू, "ठेवते हं."

नंतर तिने फोन उचलला नाही. भावोजींनी फोन ज्याचे त्याला परत केले, आणि दुकानात गाणं लावणं बंद झालं. मी इतकी वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली ती शांतता मिळाली, आणि मला शिलाईत लक्ष लागेना. नुसती कात्री ऐकू यायची. गिऱ्हाइकांना बरंच वाटलं असावं, कुणी चकार शब्द काढला नाही. भावोजी केस कापून झाले की लगेच कापड सोडायचे.

मग एक दिवस मास्तर आले, तेच नळवाले. भावोजींनी कापड बांधलं, कात्री उचलली. मास्तर वाट बघत राहिले, शेवटी म्हणाले, "आज ऐका ना नाही?"

"बंद केलं, मास्तर."

"असं कसं? ते दिव्याचं लाव की. त्या नळवालीचं."

"ते आता नाही मिळत."

मास्तर नाराज झाले. "मग पुढचं कडवं निदान सांग. आमची ही पडून असते, तिला म्हणून दाखवलं मी, पण मला अर्धंच येतं. ती रोज पुढचं विचारते." मग म्हणाले, "त्या गाण्याने एक लागलंय बघ मला. खोलीतून निघताना दिव्याच्या बटणावर हात गेला की आधी मागे वळून बघतो."

कात्रीचा आवाज थांबला. मी उठून पार्टिशनच्या कडेला आले. भावोजी मास्तरांच्या पाठीशी उभे होते आणि आरशात त्यांचा चेहरा मला दिसत होता. तसा चेहरा मला कुणाचाच पुन्हा बघायचा नाही.

"म्हणा," भावोजी म्हणाले. "जेवढं येतं तेवढं म्हणा." त्यांनी फोन मास्तरांच्या तोंडापाशी धरला. मास्तर लाजले, खाकरले, आणि गायले. सूर कुठल्या कुठे, दोन शब्द चुकलेले, आणि मधे तोंडानेच टाकीत पाणी पडल्याचा आवाजसुद्धा काढला. पुढचं कडवं भावोजींनी सांगितलं. नुसतं बोलून सांगायला लागले होते, पण दुसऱ्या ओळीला गायलाच लागले, त्या भसाड्या आवाजात. संपेपर्यंत दोघं म्हणत राहिले. कापड तोवर सुटलं नाही.

ते तसंच्या तसं त्यांनी तिला पाठवलं. खाली लिहिलं, हे खरं आहे, हे मास्तर आहेत.

त्यालाही आता बरेच दिवस झाले. भावोजी गिऱ्हाइकांच्या मधे फोन काढून बघतात. संदेश पोचला की दोन खुणा दिसतात, आणि तिथे अजून एकच आहे. तिने नंबर बदलला असेल किंवा त्यांचा नंबर बंद करून टाकला असेल, हे मला कळतं, आणि मला वाटतं त्यांनाही कळतं. तरी आज दुपारी ते पार्टिशनवरून हात लांब करून म्हणाले, "तुझे डोळे चांगले आहेत. बघ जरा, दुसरी आली का?"

मी चष्मा पुसून पाहिलं.

"तिकडे रेंज नसेल, भावोजी," मी म्हटलं.