चोचीखालचा टिपका

खोटं कशाला बोलू, त्या बाईचं वाटोळं व्हावं असं मला मनापास्नं वाटत होतं.

आम्ही वडगावचे विणकर. लग्नात माझ्या वडलांनी, आप्पांनी, आईसाठी स्वतः हातमागावर साडी विणली, काठाला पोपट. नक्षी पुठ्ठ्यावर पाडलेल्या भोकांनी उमटते; त्यात एक भोक चुकून जास्त पडलं आणि दर पोपटाच्या चोचीखाली एक टिपका उमटला. आप्पा ते भोक बुजवायला निघाले, तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे की. दाणा सांडलाय म्हणायचं." आप्पा गेल्यावर आई ती साडी नेसली न्हाय. पण दर दिवाळीला ऊन दाखवून, घडी बदलून ठेवायची.

मग बंगळूरची एक डिझायनरबाई घरी आली. गोड बोलली, चहा प्याली, नक्षी बघायला म्हणून ती साडी मागितली. "दोन दिवसांत परत देते, आजी." आई भोळी, दिली. दोन दिवसांचे आठ महिने झाले. बाई माझा फोन उचलेना. आई रोज विचारायची, "आली व्हय गं साडी?" मी रोज काहीतरी थाप मारायची आणि आत जाऊन रडायची.

एक दिवस कळलं, आमच्याच शहरात, टिळकवाडीतल्या शोरूममध्ये तिच्या साड्या लागल्यात. फक्त शंभर, परत कधी विणणार न्हाईत म्हणे. गेले. अगं बाई, काय ती झुंबड! दोघी जणी एकच पदर धरून ओढत होत्या. एकीच्या बांगड्या फुटल्या तरी हात सोडेना. मी काठ बघितला. आमचेच पोपट, चोचीखाली टिपका. आणि बाई माइकवर सांगत होती, "हा टिपका म्हणजे माझी सही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सही व्हय? थांब, तुझी सही गावभर फिरवते.

माळ्यावरनं आप्पांचे पुठ्ठे काढले. उंदरानं कुरतडलेला एक नव्यानं पाडला, टिपक्याचं भोक ठेवून. आमच्या यंत्रमागांवर तोच काठ स्वस्त सुतात लावला. शेजाऱ्यांनाही पुठ्ठे पाडून दिले. गौरीच्या सणाला भाजीवालीच्या अंगावर आमचे पोपट, अंगणवाडीच्या बाईच्या अंगावर आमचे पोपट. शोरूममध्ये पदर ओढणाऱ्यांच्या घरी धुणंभांडं करणाऱ्यासुद्धा तीच साडी नेसून कामाला जायला लागल्या. मग त्या शंभरजणी साड्या परत करायला शोरूमच्या दारात. मी मुद्दाम बघायला गेलते. लई बरं वाटलं.

आता फोन तिचाच आला. "हे ताबडतोब बंद करा."

"आईची साडी घेऊन घरी या, मग बोलू."

आली. आईनं घडी उलगडली, काठावरनं बोट फिरवत टिपका शोधला, आणि साडी छातीशी धरून बसली. बाई मला हळूच म्हणाली, "आता थांबवाल ना?"

"न्हाय," मी म्हणाले. "माग चालूच ऱ्हाणार."

ती तडक उठली. पण आमच्यात दारात आलेल्या बाईला रिकामी धाडत न्हाईत. मी तिला कुंकू लावलं आणि ओटीत नारळ, तांदूळ आणि पोपटाची सुती साडी घातली. ओटी नाकारता येत न्हाय. तिला वाकून आईच्या पाया पडावं लागलं.

आईला या भांडणातलं काहीच ठाऊक न्हवतं. तिनं बाईच्या डोक्यावर मायेनं हात ठेवला.

"नेस हं बाळ," आई म्हणाली. "आमच्या गल्लीत सगळ्याच नेसतात."