तोंड सोडून हळद

माझ्या थोरल्या मुलीच्या गालांवर पुटकुळ्यांचे खड्डे होते. ते असतानाच मुलाकडच्यांनी तिला पसंत केली होती, हे आधीच सांगतो. पण तिलाच आरशाचा राग. आमची शेती तेव्हा नुकतीच गोदामवाल्यांना विकली होती, हात सैल होता. म्हटलं, कर बाय.

ठाण्याच्या चामडीच्या डॉक्टरणीनं लेझर केला. मी चौथी शिकलेला, तरी समजून घेतल्याशिवाय खुर्चीवरनं उठलो नाही. लेझर गालाला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतो, मधली चामडी शाबूत ठेवतो. भोकं भरताना खड्डेही भरत येतात. तोवर ऊन नाही, आणि तिच्या मलमाशिवाय तोंडाला काही लावायचं नाही.

शेवटच्या लेझरची लाली अजून उतरली नव्हती, तोच मुलाची आजी खाटेला लागली आणि त्यांनी मुहूर्त अलीकडे ओढला.

मी गावाला सांगून टाकलं, हळद हातापायाला लागेल, तोंडाला नाही. आमच्यात लग्नाहून हळद मोठी. धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते आणि बायका नवरीला ओळखू येईना इतकी माखतात. मी मुलीशेजारी खुर्ची टाकून बसलो. बापानं तिथं बसायची रीत नाही. बसलो.

धवलारीण गायची थांबली. माझी मोठी बहीण म्हणाली, "ऊठ रं. बाप्या माणसाचं हितं काय काम?"

"तोंड सोडून लावा, उठतो."

"का? तोंडाला काय हाय? कोड हाय का?"

बायका फिदीफिदी हसल्या. बहीण मुलीकडं वळली, "न्हाय ना? मंग लपवतेस कशाला गो पोरी?"

मी बहिणीला सुनावत होतो, तेवढ्यात मुलीनंच ताटात दोन्ही हात बुडवले आणि तोंडाला फासले. घासून घासून. धवलारणीनं पुन्हा गाणं उचललं.

"बाबा, उठा आता," मुलगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वरात निघाली ती भर उन्हात. पुढं गालांवर काळी जाळी उठली. डॉक्टरीण म्हणाली, कमी होईल, पण सगळी जाईल असं सांगत नाही.

सणाला मुलगी आली, सोबत सासू. माझ्याच ओटीवर बसून सासू म्हणाली, "आम्ही खड्ड्यांची पोरगी बघितली होती. ती चालली असती आम्हाला."

मुलगी चहा घेऊन येत होती. दाराशीच थांबली, आणि कप आत परत गेले.