मागची बस बेटर

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात आमच्या समोरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या काकांना आयुष्यात कुठलीच गोष्ट नुसती चांगली वाटली नाही. वाटली ती कशापेक्षा तरी ‘बेटर’. ताप उतरला की ते बेटर असत, दुसऱ्याच्या घरचं वर्तमानपत्र स्वतःच्या घरच्यापेक्षा बेटर असे, आणि काकूंनी हौसेने पुरणपोळ्या केल्या की पहिल्याच घासाला म्हणत, “गेल्या होळीच्या बेटर होत्या हं!” काकू म्हणायच्या, “मग गेल्या होळीलाच जाऊन जेवा.” गेल्या होळीलाही ते हेच म्हणाले होते. आमच्याकडे केबल आली तेव्हा सगळी चॅनेलं पालथी घालून त्यांनी निकाल दिला, “अँटेनाच बेटर होता यार. काय बघायचं ते ठरलेलं तरी असायचं.”

रिटायर झाल्यावर त्यांनी दिल्लीतच, पार टोकाला द्वारकेत आठव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सामान लागायच्या आत काकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. मी अधूनमधून रविवारी जाई. काका लिफ्ट दाखवत, बाल्कनीतून विमानं दाखवत, सगळं क्वार्टरपेक्षा कसं बेटर ते सांगत. एकदा मी विचारलं, “आणि शेजार?”

“बिल्कुल त्रास नाही. दार वाजवायला कोणी येतच नाही,” असं म्हणून ते चहा उतू जाईल म्हणत आत पळाले. चहा अजून ठेवलाही नव्हता.

निघताना ते बसस्टॉपपर्यंत सोडायला येत. बस आली की माझा दंड धरत. “छे, गर्दी बघ! मागची बेटर.” मागची आली की, “हा ड्रायव्हर फार पळवतो. त्याच्या मागची बेटर.” ‘थांब’ हा साधा शब्द मात्र त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही.

शेवटच्या भेटीत बस आली ती जवळजवळ रिकामी, काचा धड, कंडक्टरसुद्धा हसतमुख. काकांनी तिला खालीवर न्याहाळलं. नाव ठेवायला काही सापडेना. माझ्या दंडावरची पकड सैल झाली.

“चांगली आहे रे,” ते म्हणाले.

“काका, मागची बेटर असेल,” मी म्हटलं. ते स्टॉपच्या बाकावर बसले. जरा सरकून त्यांनी मला जागा करून दिली.

आता काका नाहीत. द्वारकेला मेट्रो जाते, एक गेली की लगेच दुसरी येते. कधी कामाने तिकडे गेलोच तर परतताना येईल ती पहिली गाडी पकडतो. दंड धरायला कोणी नसतं.