आत्याचा डावा गाल

रोह्यात माझ्या आत्याइतकं तोंड वर करून चालणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. तिच्या डाव्या डोळ्याखालून निघून जबड्यावरून मानेत उतरणारा जांभळट लाल डाग जन्मापासूनचा आहे. दुसऱ्या एखादीनं तो झाकण्यात जन्म घालवला असता. आत्या अनोळखी माणसाकडे वळताना तोच गाल आधी पुढे करते. लग्नासाठी दाखवायचा फोटोसुद्धा तिनं मुद्दाम डाव्या बाजूनं काढून घेतला होता. ‘नंतर कोणी फसवलं म्हणायला नको,’ असं फोटोग्राफरला बजावून. तो फोटो पाहून होकार देणारे आमचे काका अबोल आणि धीराचे होते. या दोन्ही गुणांचा त्यांना पुढे फार उपयोग झाला.

काका गेल्यावर आत्यानं घरातच खानावळ काढली. कंपनीतले शिफ्टवाले तिच्याकडे जेवतात. ‘पुरे’ हा शब्द तिला ऐकू येत नाही, आणि भात कमी खाणाऱ्याला ती सगळ्यांसमोर कारण विचारते. डागाबद्दल कोणी विचारलं, तर मात्र दर वेळी नवी हकिकत. एका नव्या जेवणाऱ्याला तिनं सांगितलं, ‘लहानपणी कुंडलिकेत पडले होते. माशानं मुका घेतला.’ गोरं करणारी क्रीम विकायला आलेल्या मुलीला म्हणाली, ‘उजव्या गालाला तुमचीच लावली गो. डबी संपली म्हणून अर्धं काम रायलं.’ ती मुलगी जेवूनच गेली. आम्हा भाचरांना या हकिकती तोंडपाठ होत्या, आणि त्यात तिची गंमत करण्याची हौस तेवढी आहे असं आम्ही समजत होतो.

मग पेणला आमच्या घरी मुलगी झाली. तिच्या उजव्या गालावर, कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, अगदी तसाच डाग होता. दवाखान्यात कोणी काही बोललं नाही. बारशाच्या दिवशी मात्र माझ्या सासूबाई आतल्या खोलीत माझ्या बायकोला, सायलीला म्हणाल्या, “मी तवाच सांगत होते, ओटी भरायला त्यांना पुढे करू नका. बघितलास काय झालं ता?” आत्या दारातच पाळण्याची दोरी हातात घेऊन उभी होती. तिनं दोरी खुंटीला नीट बांधली, पान वाढू नका म्हणाली आणि दुपारच्या गाडीनं रोह्याला परत गेली. सणावाराला न बोलावता येणारी माझी आत्या त्यानंतर कित्येक महिने पेणला आली नाही. मी फोन केला की म्हणायची, “पोरगी बरी हाय ना? मग झालं.”

पेणच्या डॉक्टरांनी आम्हाला मुंबईच्या एका त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. असे डाग लेझरनं फिके करता येतात, पुष्कळदा बरेचसे जातातही, आणि लहानपणी सुरुवात केली तर चांगलं, असं पेणचे डॉक्टर म्हणाले. सायलीचा निर्णय झाला होता. माझा होत नव्हता. एवढ्याशा पोरीला यंत्राखाली कसं धरायचं, ही एक भीती. दुसरी सांगायला अवघड होती: आत्याला काय वाटेल? जे तोंड तिनं आयुष्यभर मिरवलं, तसंच तोंड आम्ही पुसायला निघालो होतो.

जायचा दिवस मी आत्याला फोनवर तेवढा सांगितला होता. त्या सकाळी ती पेणच्या एस. टी. स्टँडवर पिशवी घेऊन उभी.

“खानावळ?” मी विचारलं.

“एक दिवस उपाशी रायले तर मरत नाय कोणी. पोरीला धरायला माणूस नको?”

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी बाळाचा गाल पाहिला, आत्याचाही पाहिला आणि समजावून सांगितलं की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद राहिल्या की तिथे लाल दिसतं. लेझरचा प्रकाश त्या रक्तवाहिन्या बंद करतो. बऱ्याच वेळा यावं लागेल. प्रत्येक वेळी आठवडाभर गाल काळानिळा दिसेल, त्यानं घाबरू नका.

आत्या खुर्चीत पुढे सरकली. “ह्यात आयचा काय दोष असतो? का हात लावणारीचा?”

“कोणाचाच नसतो. आईचा नाही, कोणाच्या हात लावण्याचा नाही.”

“गिराणात मासली कापली तर?”

“ग्रहणाचा काही संबंध नाही, आजी.”

“परत सांगा,” आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी परत सांगितलं. आत्या मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता बोलली, “माज्या आयला आजीनं जन्मभर तेच सुनावलं. गिराणात सुरी धरलीस म्हणून. कोणी माज्या गालाचं विचारलं की आय खाली बघायची. म्हणून मी आधीच कायतरी बोलून टाकायची. लोक हसले की ता तिथंच रायचं.” जरा थांबून म्हणाली, “जाताना तिनं माजी माफी मागितली रे.”

सायलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

बाळाला आत न्यायची वेळ झाली तेव्हा आत्या आपल्या मूळ स्वभावावर आली. “आधी मला मारा. किती लागतं ता कळूंदे, मग पोरीला लावा.” डॉक्टरांनी खूप समजावलं. या वयात डाग थोडाफार फिका होईल, पूर्ण जाणार नाही, असंही सांगितलं. शेवटी डोळ्यांवर झाकणं लावून, कानाजवळच्या कडेला त्यांनी चाचणीपुरता प्रकाश सोडला.

“रबर ताणून मारल्यासारखं हाय,” आत्या उठत म्हणाली. “रडंल, पण सोसंल. आणा तिला.”

पोरगी रडली. आत्यानं तिचे दोन्ही हात धरून ठेवले आणि सगळा वेळ तिच्याशी कोलंबीच्या भावाबद्दल बोलत राहिली. परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईनं काळानिळा गाल पाहून विचारलं, मारलं की काय लेकराला. आत्यानं पहिल्यांदाच खरं ते सांगितलं, रक्तवाहिन्यांसकट, आणि त्या बाईला पनवेल येईपर्यंत सोडलं नाही.

पुढच्या खेपेला तिनं माझ्या सासूबाईंनाही त्यांच्या गावच्या जिते स्टेशनातून बळंच गाडीत चढवून आणलं. डॉक्टरांसमोर बसवून म्हणाली, “ह्यांना सांगा, मला सांगितलंत तसं.” सासूबाईंनी ऐकून घेतलं. घरी आल्यावर त्यांनी आत्याचं पान स्वतः मांडलं आणि ती जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. एवढंच झालं, पण आत्यानं त्या दिवशी भात दोनदा घेतला.

आता मुलगी शाळेत जाते. गालावर फिकट गुलाबी सावली राहिली आहे. पळून आली की जरा उठून दिसते. आत्याच्या कानाजवळ रुपयाएवढी जागा उजळली आहे, बाकी सगळं होतं तसंच. डॉक्टरांनी विचारलं होतं, पुढे चालू ठेवायचं का म्हणून. ती नाही म्हणाली. त्याचं कारण मी मागच्या महिन्यात रोह्याला गेलो तेव्हा विचारलं. खानावळ आता ती एकाच वेळेची चालवते, गुडघे धरतात. ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती.

“पोरीचं काढलं ता चांगलंच झालं,” ती म्हणाली. “पण जाताना आयनं ह्याच गालावर हात फिरवला होता रे. तिथलं मी कसं काढू?”

मग तिनं खडे बाजूला टाकले आणि मला विचारलं, जेवून जाणार ना. मला पेणची गाडी गाठायची होती. मी जेवून गेलो.