फोटोतला हात

भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की उठून जाणारा मी माणूस. म्हणून हे लिहायला इतके दिवस लागले.

मी कोलकात्यात, न्यू टाउनमधल्या एका कंपनीत वेबसाइट्स तपासतो — अंध माणसांना त्या नीट वापरता येतात का, ते पाहायचं. पडदा काळा करायचा, हेडफोन लावायचे आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, काय वाचतं ते ऐकायचं. फोटोचं वर्णन आत लिहून ठेवावं लागतं. बघणाऱ्याला ते दिसत नाही, फक्त ऐकणाऱ्याला कळतं. नव्या मुलांना मी सांगतो — जे दिसतंय तेच लिहा, मनाचं घालू नका.

माझे बाबा काचबिंदूने अंध झाले. ते खिदिरपूरच्या बंदरावर कस्टम्समध्ये होते. तिथलेच त्यांचे मित्र सबनीसकाका. दोघांनी मिळून इथल्या मराठी मंडळाचा गणपती सुरू केला. पुढे मंडळाचा हॉल लग्नांना भाड्याने द्यायचा की नाही, यावरून बिनसलं. काका अध्यक्ष झाले आणि त्यांनी बोलणंच टाकलं. बाबा मात्र वाट बघत राहिले...

मंडळाची वेबसाइट झाली तेव्हा ती तपासायचं काम मी हौसेनं घेतलं. बाबांनी एवढंच विचारलं, "पहिल्या गणपतीचा फोटो टाकलाय ना? मी आहे त्यात?"

फोटो होता. कुमारटुलीच्या मूर्तिकारांकडून आणलेली मूर्ती, शेजारी सबनीसकाका आणि मंडळातले गोखले. बाबांना कापलं होतं. काकांच्या खांद्यावरचा त्यांचा हात तेवढा राहिला होता. डिझायनरला विचारलं तर म्हणाला, "दादा, प्रेसिडेंट साहब ने ऐसा ही भेजा है."

मी वर्णन लिहिलं — 'मूर्तीशेजारी सबनीस, गोखले आणि वसंत.' वसंत म्हणजे बाबा.

बाबांनी ते आपल्या फोनवर ऐकलं. पुन्हा ऐकलं. आणि मी काही म्हणायच्या आत काकांना फोन लावला. "सबन्या, ठेवलंस की रे मला!" थोड्या वेळानं फोन खाली ठेवत मला म्हणाले, "गप्पच झाला. भरून आलं असेल त्याला."

मी लॅपटॉप मिटून ठेवला.

पुढच्या रविवारी, पोहे खाऊन झाल्यावर बाबांनी त्यांचा फोन मागितला. "दे, तुझ्या त्या फोनमधल्या बाईला बोलू दे जरा. तुझ्या आईपेक्षा भरभर बोलते, पण सांगितलेलं ऐकते तरी." त्यांनी फोटोवर बोट नेलं. नेहमीचाच तो सपाट आवाज —

"मूर्तीशेजारी सबनीस, गोखले. सबनीसच्या खांद्यावर एक हात. हात वसंतचा. वसंत फोटोत नाही."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "हात कुणाचा म्हणाली ती?"

मी फोन घेऊन पुन्हा ऐकलं. आता माझंच वाक्य... 'सबनीस, गोखले आणि वसंत.' लॅपटॉप उघडला — आतलं वर्णन जसंच्या तसं, कुणी हात लावलेला नाही. फोटोत काय आहे ते फोननं स्वतः ओळखून सांगायची सोय बंद होती. चालू असती तरी तिला हात कुणाचा ते कुठून कळणार?

"मिलिंद," बाबा म्हणाले, "खरं काय ते सांग."

मी सांगितलं. ते बराच वेळ फोनवरून अंगठा फिरवत बसले.

"त्यानं कापलं, ते समजतं. भांडलोच होतो आम्ही. पण तू? आणि मी त्याला फोन करून..."

ते वर्णन मी नंतर बदललं. त्या सकाळी ऐकलं होतं, तेच शब्द घातले. ते शब्द आधी आले कुठून, हे मला आजही सांगता येत नाही. ऑफिसमधल्या जाणत्या माणसांनाही नाही.

बाबा माझ्याशी बोलतात, रागावलेले नाहीत. जेवताना ताटात भात कुठे, भाजी कुठे, ते मी पूर्वीसारखंच सांगतो. ते "हं" म्हणतात... आणि मग बोटांनी चाचपून बघतात.