पप्पांनी परत पाठवलेला भात

पप्पांना मी मारलं.

वर्षभर मी हेच मानून चालत होती. कोणालाच सांगितलं नाही.

आज पप्पांना जाऊन एक वर्ष झालं. आणि आज मी हे लिहू शकते, कारण काल कळलं की तसं नव्हतं.

सुरुवातीपासून सांगते.

मला फूड व्हिडिओंचं किती वेड आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. त्या वेडातच मी लाओसची दोन तिकिटं काढली. आईला विमानाची भीती, म्हणून पप्पांना नेलं.

पप्पा म्हणजे आमच्या धानाच्या पट्ट्यातल्या गोरेगावच्या राइस मिलमध्ये आयुष्यभर तांदूळ पारखणारा माणूस. एक दाणा दाताखाली धरून सांगायचे, धान नवं की जुनं.

निघायच्या आधी डॉक्टरांनी त्यांना एकच गोष्ट सांगितली होती. बीपी आहे, मीठ कमी.

लाओसमधलं लुआंग प्रबांग शहर. मेकाँग नदीच्या काठावर छोटंसं हॉटेल, चार टेबलं, आणि सगळं एकटीनं बघणारी एक मावशी.

मी एक्साइट होऊन भराभर ऑर्डर दिली. पपईचं सॅलड, भाजलेली मासोळी, मिरचीची चटणी, आणि तिथले लोक रोज खातात तो स्टिकी राइस. तो बांबूच्या झाकणवाल्या टोपलीत येतो.

पप्पांनी झाकण उघडलं. बोटांनी थोडा उचलला, तर पूर्ण गोळाच वर आला.

"हा नवा तांदूळ हाय."

"पप्पा, तो असाच असतो."

"असा कसा असते? पूर्ण चिकटून रायला ना. पाहुण्याले कोणी नवा तांदूळ वाढते का?"

आमच्या भागाबाहेरच्या मित्रांसाठी सांगते. नव्या तांदळाचा भात चिकटतो, म्हणून आमच्याकडे पाहुण्यांना जुन्या तांदळाचा मोकळा भात वाढतात. म्हणजे पप्पांच्या मते त्या मावशीनं आमचा अपमान केला होता.

त्यांनी टोपली परत पाठवली. ज्याला मराठी येत नाही त्याच्याशी पप्पा हिंदी बोलायचे, मग तो जगात कुठलाही असो.

"बहनजी, पुराना चावल नहीं है क्या?"

मावशी हसली. आत जाऊन दुसरी टोपली घेऊन आली. तीही चिकट. पप्पांनी तीही परत केली.

मला तर तोंड कुठे लपवू असं झालं.

तिसऱ्यांदा ती रिकाम्या हाताने आली आणि पप्पांना खुणावलं, चला. सरळ मागे किचनमध्ये नेलं. मी फोनमध्ये ट्रान्सलेट उघडून मागे धावली.

तिने पोत्यातला मूठभर कच्चा तांदूळ पप्पांच्या हातावर ठेवला. पप्पांनी तो तळहातावर पसरवला, फुंकर मारली, एक दाणा दातानं फोडला. मग चष्मा वर करून अगदी डोळ्याजवळ नेला.

"अवं, हा तं दुधासारखा पांढरा हाय. याची जातच वेगळी हाय."

"मी तेच सांगून राहिली ना मघापासून!"

"तू व्हिडिओ पाहून सांगते. मी दाणा पाहून बोलतो."

मग पप्पांनी तिला हात जोडले. "माफ करना बहनजी, गलती हमारी थी." तिने पण हात जोडले. काय बोलली ते ना मला कळलं, ना फोनला.

बाहेर येऊन बसलो तर पप्पा म्हणतात, "वरण कुठी हाय?"

वरण नव्हतंच. मी दाखवलं, भाताची छोटी गोळी करायची, चटणीत बुडवायची, खायची.

"हे तं लाडू वळणं झालं," म्हणाले. आणि मग थांबलेच नाहीत.

पपईच्या सॅलडमध्ये आंबवलेल्या मासोळीचा रस असतो. भयंकर खारट. पप्पांनी एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं.

"मले चालते का वं हे?"

"चालते पप्पा. ट्रिपवर आहो आपण. खा."

हे मी बोलली. पाचही दिवस हेच बोलत राहिली.

आठ महिन्यांनी पप्पांना हार्ट अटॅक आला. हॉस्पिटलला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरवीच्या दिवशी आत्या सगळ्यांसमोर बोलली, "परदेशात नेऊन काय काय खाऊ घातलं या पोरीनं! गेला ना माझा भाऊ!"

 मला पण तेच वाटत होतं.

तेव्हापासून मी आमच्या डॉक्टरांच्या क्लिनिककडे फिरकली नाही. समजा विचारलं, आणि ते "हो" म्हणाले तर?

काल आईला दाखवायचं होतं, मलाच न्यावं लागलं. आई केबिनच्या बाहेर गेली आणि मी एका दमात सगळं विचारून टाकलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला.

"आठ महिन्यांआधीच्या सॅलडनं?"

"पाच दिवस खाल्लं होतं, सर."

"पंधरा दिवस खाल्लं असतं तरी त्यानं आठ महिन्यांनी अटॅक येत नाही. पागल आहेस का? वर्षभर हे डोक्यात घेऊन फिरून राहिली तू?"

मग त्यांनी पप्पांची फाइल काढली. ट्रिपवरून आल्यावर पप्पा दाखवायला गेले होते. बीपी जायच्या आधीपेक्षा कमी होता.

"रोज पायी फिरले म्हणे तिकडे. बाहेर पेशंटची लाइन, आणि तुझे पप्पा मला स्टिकी राइस समजावून राहिले! म्हणाले, डॉक्टरसाहेब, आयुष्यात पहिल्यांदा तांदळाले चुकलो मी. अन् लय मजा आली."

मी तिथंच खुर्चीत हसायला लागली. मग रडायला.

संध्याकाळी आत्याला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली,

"मी भानावर नव्हती वं तेव्हा. कोणावर तरी राग काढाचा होता. तू समोर होती."

"असू दे आत्या."

"जेवली का तू?"

वर्षभर पप्पांची आठवण आली की मला आधी भीती वाटायची. रडायची ती पण स्वतःसाठीच.

काल पहिल्यांदा फक्त पप्पांसाठी रडली. खूप रडली. खूप बरं वाटलं.

पप्पा, मन भरून नमस्कार.

तुमची पोरगी आता बरी आहे. आरामात राहा.