गळतं गलबत आधी

आमच्या बंदरअण्णाला पोहता येत नव्हतं. उणकलच्या तळ्यात गुडघाभर पाण्यात उभं केलं तरी तो माझा खांदा घट्ट धरायचा. आणि हा माणूस कारवारच्या बंदराचा कारभार बघायचा! बत्तीचं तेल, माल उतरवणाऱ्यांची मजुरी, गलबतांकडून घ्यायची बंदरपट्टी, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. माझा हा थोरला चुलतभाऊ. आईबाप लवकर गेले म्हणून धारवाडला आमच्याच घरी वाढला. पाटीवर हात धरून मला अक्षरं गिरवायला त्यानंच शिकवलं. पुढं मी कलेक्टर कचेरीत कारकून झालो. माझ्या कचेरीत पाणी म्हणजे कोपऱ्यातला माठ.

पावसाळ्यात बंदर बंद झालं की अण्णा रजेवर घरी यायचा. अप्पा, म्हणजे माझे सख्खे वडील, एरवी माझ्याशी चार शब्द बोलत नसत. अण्णा आला की खुर्ची ओढून त्याच्यापुढं बसायचे आणि यंदा कुठली कुठली गलबतं लागली ते ऐकत राहायचे. मी बाजूला शेंगा सोलत असायचो. जळायचो. आता लपवून काय करू?

त्याचा एक ठरलेला बोल होता, "गळतं गलबत आधी." धक्क्याला पाळीनंच लागायचं, मग माल साहेबाचा का असेना. पण ज्याच्यात पाणी शिरतंय त्याला पाळी नाही आणि पट्टीही मागाहून. घरीही त्याचं तेच. मी मॅट्रिकला आपटलो आणि अप्पांनी हात उगारला, तेव्हा तोच मधे उभा राहिला. मला त्याचे उपकार वाटायला हवे होते. मेला, इथंही पुढं पुढं करतो, एवढंच मनात आलं.

एकदा मुद्दाम हुबळीहून मोटारीनं घाट उतरून त्याची कचेरी बघायला गेलो. एवढीशी खोली, कौलं फुटकी. जिवाला बरं वाटलं. तेवढ्यात एक गोरा व्यापारी दारात आला. अण्णानं मान वर न करता सांगितलं, पुढं दोन गलबतं आहेत, थांबा. आणि तो टोपी हातात घेऊन थांबला की! माझ्यासाठी जन्मात कधी पट्टेवालाही थांबला नव्हता.

परत आल्या आल्या मी निनावी अर्ज ठोकला: बंदराचा कारभार बघणारा चिरीमिरी घेऊन मागची गलबतं पुढं घेतो. चौकशी बसली. अण्णाला कामावरून घरी पाठवलं. अप्पांना जेवण जाईना. पण प्रत्येक गळत्या गलबताची नोंद ते हाकणाऱ्या तांडेलाच्या अंगठ्यासकट निघाली आणि अण्णा निर्दोष सुटला.

कामावर परत निघाला तेव्हा त्याला हुबळीच्या मोटारीपर्यंत पोचवायला मीच गेलो. ट्रंक वर चढवून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "साहेबांनी मला तो अर्ज दाखवला. अक्षर ओळखतोस का, विचारलं. मी नाही म्हणालो."

मी त्याचा खांदा धरला.

"इरली बिडो," तो म्हणाला. असू दे रे. "गळतं गलबत आधी."

त्याच साली कारवारला तापानं तो गेला. अप्पा शेवटपर्यंत त्याचंच नाव घेत राहिले आणि मी त्यांना काही सांगितलं नाही. आता अप्पाही नाहीत. माझा जळफळाट मात्र गेलेला नाही. कुणाला माफ करावं, अशी पाळी मला जन्मात आली नाही. तीही तोच घेऊन गेला.